जुन्या डेस्कटॉपचा राउटर आणि फायरवॉल : काय लागते, वीज किती खातो आणि या फंदात कोणी पडू नये

बिरवाडी (ता. महाड) : विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ ज्यांच्यावर चढत नाही असे डेस्कटॉप तेव्हापासून घराच्या कोपऱ्यात, दुकानाच्या माळ्यावर, क्लासच्या बंद खोलीत पडून आहेत. भंगारात दिले तर किलोच्या भावाने पैसे येतात. पण यातल्या धडधाकट पीसीचा घरच्या किंवा दुकानाच्या नेटसाठी राउटर आणि फायरवॉल करता येतो. त्याचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. खर्च येतो तो एका नेटवर्क कार्डाचा, जमल्यास एका एसएसडीचा आणि दर महिन्याच्या विजेचा. हा शेवटचा खर्च बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, म्हणून त्याचा हिशेब खाली सविस्तर दिला आहे.

बिरवाडीसारख्या बाजारपेठेच्या गावात चित्र साधारण एकच असते. खाली दुकान, वर घर. दुकानात चार कॅमेरे आणि त्यांचा डीव्हीआर, गल्ल्यावर बिलाचा पीसी, वर टीव्ही आणि पाच-सहा मोबाईल. येणारा-जाणारा गिऱ्हाईकही वायफायचा पासवर्ड मागतो. हे सगळे एकाच डब्यावर, एकाच पासवर्डवर चालते. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरमधून कोणी आत शिरला तर तो थेट बिलाच्या पीसीपर्यंत पोहोचतो, कारण मधे दार नाही. जुन्या पीसीचा खरा उपयोग ते दार बसवायला होतो.

डब्यात काय असते आणि पीसी त्यातले काय करतो

फायबर घेतल्यावर कंपनीचा माणूस जो डबा बसवून जातो तो एकटाच चार कामे करतो. केबलमधून आलेल्या प्रकाशाचे विजेच्या संकेतात रूपांतर करतो, ते ओएनटीचे काम. एका कनेक्शनवर घरातली सगळी यंत्रे चालवतो, ते राउटरचे. बाहेरून न विचारता येणाऱ्याला अडवतो, ते फायरवॉलचे. आणि चौथे काम वायफायचे.

पीसी यातली मधली दोनच कामे घेतो. फायबरची केबल पीसीत लागत नाही, त्यामुळे कंपनीचा डबा राहतोच. वायफायसाठीही एखादा वेगळा राउटर लागतो, जुना पडून असलेला चालतो. पीसी या दोघांच्या मधे बसतो. एका केबलने कंपनीच्या डब्याला, दुसऱ्या केबलने घराला जोडलेला.

नेटचा वेग यामुळे वाढत नाही. १०० एमबीपीएसचा प्लॅन १०० चाच राहतो. फरक पडतो तो लाईन भरल्यावर. एकाने मोठी फाईल अपलोड करायला घेतली की दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडखळतो. पीसीवरच्या सॉफ्टवेअरमध्ये शेपर नावाची सोय असते. त्यात प्लॅनपेक्षा थोडा कमी आकडा, म्हणजे १०० ऐवजी ९० वगैरे, टाकला की रांग आपल्या ताब्यात राहते आणि कॉल तुटत नाही. ऑनलाईन क्लास घेणाऱ्याला ही एक गोष्टही पुरेशी वाटू शकते.

आधी विजेचा हिशेब

साधा ऑफिसचा डेस्कटॉप, मॉनिटर काढून, नुसता चालू असला तरी साधारण ४० ते ७० वॉट घेतो. ५० वॉट धरू. दिवसाचे २४ तास म्हणजे १.२ युनिट, महिन्याचे ३६ युनिट, वर्षाचे ४३८ युनिट. युनिटला सगळे मिळून आठ रुपये पडतात असे धरले तर महिन्याला २८८ रुपये आणि वर्षाला साडेतीन हजार. आपल्या बिलावर दर वेगळा असेल तर त्याने गुणावे.

महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी आणि त्यापुढच्या युनिटांचा बराच जास्त असतो. ज्या घराचे बिल ८०-९० युनिटांवर थांबते, तिथे या ३६ युनिटांतले बरेच वरच्या दरात मोजले जातात. कंपनीचा साधा डबा १० वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे महिन्याला सातेक युनिट. फुकटचा पीसी दोन-तीन वर्षांत विजेपायी नव्या चांगल्या राउटरइतके पैसे खाऊन बसतो, हे आधीच समजून घ्यावे.

आपला पीसी नेमका किती घेतो ते मीटरवरच कळते. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि बाजूला ‘३२०० इम्पल्स’ किंवा ‘१६००’ असा आकडा छापलेला असतो. म्हणजे इतक्या वेळा दिवा लुकलुकला की एक युनिट झाले. घरातले बाकी सगळे बंद करून फक्त पीसी चालू ठेवायचा आणि १० मिनिटे मोजायचे. ३२०० च्या मीटरवर २७ वेळा लुकलुकला तर भार ५० वॉटचा.

ग्राफिक कार्ड, डीव्हीडी ड्राइव्ह, जादा हार्डडिस्क काढून टाकली की काही वॉट वाचतात. कंपन्यांमध्ये वापरतात ते छोट्या आकाराचे डेस्कटॉप किंवा थिन क्लायंट मिळाले तर आणखी बरे, त्यातले बरेचसे ३० वॉटच्या आत चालतात. उलट पेन्टियम ४ च्या काळातला मोठा पीसी १०० वॉटच्या आसपास जातो. एमएस-सीआयटी २००१ ला सुरू झाली तेव्हाच्या लाटेत घेतलेले हे पीसी आता या कामालाही ठेवू नयेत.

पीसी कोणता चालेल

प्रोसेसर ६४ बिटचा हवा. कोअर टू ड्युओ चालतो, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा आय३ किंवा आय५ असला तर उत्तम. रॅम ४ जीबी असावी. हार्डडिस्क दहा वर्षांची असेल तर तिच्यावर भरवसा ठेवू नये, १२० जीबीची छोटी एसएसडी टाकावी. वीजही कमी लागते आणि आवाजही जातो.

जुन्या हार्डडिस्कवर काय आहे ते आधी बघावे. नवे सॉफ्टवेअर बसवताना डिस्क पूर्ण पुसली जाते. लग्नाचे फोटो, बारशाचे व्हिडिओ, जुनी टॅलीची खाती, सातबाऱ्याचे स्कॅन बऱ्याचदा याच पीसीत राहिलेले असतात. नवी एसएसडी घेतली तर जुनी डिस्क काढून तशीच जपून ठेवता येते, हा आणखी एक फायदा.

पीसीला नेटवर्कचे पोर्ट दोन लागतात आणि मूळचे एकच असते. म्हणून एक कार्ड घ्यावे लागते. इथे दोन ठिकाणी लोक फसतात. एक, स्लॉट न बघता कार्ड आणतात. मदरबोर्डवर लांब, बहुधा पांढरा स्लॉट असतो तो जुना पीसीआय, छोटा असतो तो पीसीआय एक्स्प्रेस. दोघांची कार्डे वेगळी. छोट्या डेस्कटॉपला कार्डाची मागची पट्टीही अर्ध्या उंचीची लागते, नाहीतर झाकण लागत नाही. दोन, स्वस्तातले जुने कार्ड आणतात आणि ते १०० एमबीपीएसच्या वर जातच नाही. प्लॅन १०० चा किंवा कमी असेल तर चालून जाते, २०० चा असेल तर अर्धे पैसे वाया. कार्ड गिगाबिटचे आणि शक्यतो इंटेल चिपचे घ्यावे. सर्व्हरमधून निघालेले दोन किंवा चार पोर्टचे इंटेल कार्ड जुन्या बाजारात मिळते आणि वर्षानुवर्षे चालते. यूएसबीला लावायचे लॅन अडॅप्टर या कामाला टाळावेत, ओपीएनसेन्स आणि पीएफसेन्सवर ते मधेच सुटण्याच्या तक्रारी जुन्या आहेत.

कंपनीतून निघालेला पीसी घेताना बिल किंवा निदान लेखी चिठ्ठी घ्यावी. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. मोठ्या आस्थापनांनी जुनी यंत्रे नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे द्यावीत, असे त्यात अपेक्षित आहे.

सॉफ्टवेअर

या कामाची वंशावळ छोटी आहे. स्वित्झर्लंडच्या मॅन्युएल कास्पर यांनी २००३ मध्ये मोनोवॉल नावाचे फायरवॉल सॉफ्टवेअर काढले. त्यातून २००४ मध्ये पीएफसेन्सचे काम सुरू झाले आणि पीएफसेन्समधून जानेवारी २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या डेसिसो कंपनीने ओपीएनसेन्स वेगळे काढले. पुढच्याच महिन्यात कास्पर यांनी मोनोवॉल बंद केले आणि आपल्या वापरकर्त्यांना ओपीएनसेन्सकडे जायला सुचवले. नव्याने सुरू करणाऱ्याला आजही तेच सोपे पडते.

दुसरे दोन पर्याय लिनक्सवरचे आहेत. ओपनडब्ल्यूआरटी फारच हलके आहे. ते मुळात छोट्या राउटरसाठी बनले, पण पीसीवरही चालते, ३२ बिटच्या पीसीलाही त्याची प्रत मिळते. आयपीफायर जर्मनीत बनते आणि ते नेटवर्कला रंग देते. लाल म्हणजे बाहेरचे इंटरनेट, हिरवा म्हणजे घर, निळा म्हणजे वायफाय. कुठली केबल कशाची हे समजायला रंगांची ही पद्धत फार सोयीची आहे. सॉफ्टवेअर कुठलेही घेतले तरी त्या रंगांच्या चिकटपट्ट्या केबलला लावून ठेवाव्यात. पुढचे वर्णन ओपीएनसेन्स धरून आहे.

बसवताना

ओपीएनसेन्सच्या साइटवरून ‘एएमडी६४’ प्रत घ्यायची. प्रोसेसर इंटेलचा असला तरी हीच, नावाने गोंधळू नये. प्रकार ‘व्हीजीए’ निवडायचा. फाईल दाबून बांधलेली येते, ती आधी उघडावी लागते. मग रूफस किंवा बलेना एचर या फुकट सॉफ्टवेअरने ती पेनड्राइव्हवर लिहायची. घरात दुसरा पीसी नसेल तर अँड्रॉइड फोन आणि ओटीजी पिन घेऊन एचड्रॉइड या अ‍ॅपनेही हे काम होते.

पेनड्राइव्ह लावण्याआधी पीसीच्या बायोसमध्ये तीन गोष्टी बदलाव्यात. वीज गेल्यावर परत आली की पीसी आपोआप चालू व्हावा ही सेटिंग. कीबोर्ड नसला तरी न थांबता पुढे जावा ही दुसरी. तिसरी म्हणजे तारीख-वेळ बरोबर करणे. वेळ पुन्हा पुन्हा मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, संपलेला आहे. तो बदलला नाही तर दर वेळी वीज गेल्यावर पीसी ‘एफ१ दाबा’ म्हणत बसून राहतो आणि घरात नेट का नाही ते कुणाला कळत नाही. महाड-पोलादपूरच्या पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते वेगळे सांगायला नको.

इन्स्टॉल करताना नाव ‘इन्स्टॉलर’ आणि पासवर्ड ‘ओपीएनसेन्स’ असा इंग्रजी छोट्या अक्षरांत द्यायचा. डिस्कची मांडणी विचारतो तिथे झेडएफएस निवडावे, अचानक वीज जाण्याचा मार ते जास्त चांगला सोसते. मग बाहेरचे पोर्ट कुठले आणि घरचे कुठले हे ठरवायचे. समजत नसेल तर एक केबल काढून घालावी, स्क्रीनवर कोणते पोर्ट जागे झाले ते दिसते.

इथे बहुतेकांचे गाडे अडते ते एका आकड्यावर. ओपीएनसेन्सचा घरचा पत्ता मुळात १९२.१६८.१.१ असतो आणि कंपनीच्या डब्याचाही बऱ्याचदा तोच असतो. दोन्ही घरांचा नंबर एकच, मग टपाल कुठे जाणार? सगळे दिवे लागलेले असतात, पण नेट चालत नाही. पीसीचा पत्ता बदलून १९२.१६८.१०.१ असा ठेवला की प्रश्न मिटतो. त्यानंतर ब्राउझरमध्ये तो पत्ता उघडायचा. जोडणी सुरक्षित नाही अशी सूचना येते, घरच्या यंत्राबाबत ती अपेक्षित आहे. आत गेल्यावर पहिले काम मूळ पासवर्ड बदलण्याचे आणि दुसरे अपडेट करण्याचे.

कंपनीचा डबा ‘ब्रिज मोड’वर टाकून मिळाला तर नेट थेट पीसीवर येते. बीएसएनएलसारख्या जोडणीत पीपीपीओईचे नाव-पासवर्ड आणि असल्यास व्हीलॅन नंबर स्थानिक जोडणीवाल्याकडून लिहून घ्यावा. काही कंपन्या ब्रिज मोड देत नाहीत. तरी अडत नाही. डबा राउटरचे काम करत राहतो, त्याच्यामागे पीसीही करतो. त्याला डबल नॅट म्हणतात. रोजच्या वापरात फरक जाणवत नाही.

वायफायचा जुना राउटर जोडताना त्याचा पत्ता १९२.१६८.१०.२ करायचा, त्यातली डीएचसीपी सोय बंद करायची आणि पीसीकडून आलेली केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये न घालता साध्या लॅन पोर्टमध्ये घालायची. कंपनीच्या डब्यातले वायफाय बंद करायला विसरू नये. ते चालू राहिले तर फोन जुन्याच वायफायला चिकटतात आणि फायरवॉलला वळसा घालून बाहेर जातात.

दार आणि कडा

रायगड याच महाड तालुक्यातला. संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले आणि हिरकणी तान्ह्या बाळासाठी कड्यावरून खाली उतरून गेली, ही कथा इथे लहान मुलालाही माहीत असते. दार कितीही भक्कम असले तरी कडा उघडा राहिला होता हे महाराजांच्या लक्षात आले आणि तिथे बुरूज बांधला, असे सांगतात. फायरवॉलचे काम दारापेक्षा हे कडे शोधण्याचे जास्त असते.

दाराची व्यवस्था सॉफ्टवेअर स्वतःच करते. बाहेरून आपण होऊन येणारे सगळे अडवायचे, आतून गेलेल्या मागणीचे उत्तर आले तर सोडायचे, हा नियम पहिल्या दिवसापासून लागू असतो. कडे मात्र आपणच ठेवलेले असतात. कॅमेरे बसवणाऱ्याने मोबाईलवर चित्र दिसावे म्हणून उघडलेले पोर्ट. यूपीएनपी नावाची सोय, जिच्यामुळे आतले कुठलेही यंत्र न विचारता स्वतःसाठी दार उघडून घेते. आणि डीव्हीआरचा कधीच न बदललेला पासवर्ड. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच मूळ पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या डिन कंपनीवर हल्ला होऊन ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास अडखळल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना आपला कॅमेरा त्यात आहे हे कळलेही नसेल.

म्हणून जमले तर नेटवर्क कार्ड दोन पोर्टचे घ्यावे आणि तिसऱ्या पोर्टवर फक्त डीव्हीआर लावावा. ओपीएनसेन्समध्ये नव्या पोर्टला सुरुवातीला कसलीच परवानगी नसते. तिथे डीएचसीपी चालू करायची आणि घड्याळापुरती एक परवानगी द्यायची, म्हणजे यूडीपी १२३ वर फायरवॉलकडूनच वेळ घेण्याची. चोरीनंतर पोलिसांना द्यायच्या चित्रणात वेळ चुकलेली असली की घोळ होतो, म्हणून ही एवढी मोकळीक हवी. घरातून डीव्हीआर बघता येतो, पण डीव्हीआरला घरात येता येत नाही.

मुंबईहून मोबाईलवर दुकान बघायचे असेल तर ही बंदी थोडी सैल करावी लागते. डीव्हीआरला इंटरनेटकडे जाऊ द्यायचे, मात्र घरच्या जाळ्याकडे नाही. नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळला तो लागतो. म्हणून ‘घराकडे बंदी’ वर आणि ‘बाकी परवानगी’ खाली. हा क्रम उलटा झाला तर बंदी नुसती लिहिलेली राहते.

डीव्हीआर आणि बिलाचा पीसी एकाच स्विचमध्ये लावले असतील तर हे सगळे व्यर्थ. ते एकमेकांशी थेट बोलतात, मधे फायरवॉल येतच नाही. वायफायवरच्या पाहुण्यांचेही तेच. त्यांच्यासाठी व्हीलॅन समजणारा स्विच आणि राउटर लागतो, किंवा सरळ पीसीवर आणखी एक पोर्ट आणि दुसरा जुना वायफाय राउटर. पाचाड, हिरकणीवाडी भागात गड पाहायला येणाऱ्यांना खोल्या देणाऱ्यांनी पाहुण्यांचे वायफाय असे वेगळे ठेवणे बरे.

बाहेरून घरी यायचे तर

गाव सोडून मुंबई-ठाण्यात राहणाऱ्यांना घरचे नेटवर्क तिथून उघडायचे असते. इथे आधी एक गोष्ट तपासावी. कंपनीच्या डब्याच्या पानावर बाहेरचा जो पत्ता दिसतो तो १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर कंपनीने एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. मोबाईल नेटवर तर हे सर्रास असते. अशा वेळी पोर्ट उघडून काहीच उपयोग नाही, बाहेरून कोणी पोहोचतच नाही. एका अर्थाने ते बरेही आहे. टेलस्केलसारखी सोय आतून बाहेर जाऊन जोडणी करते, त्यामुळे ती इथेही चालते. पत्ता स्वतःचा मिळाला असेल तर ओपीएनसेन्समधले वायरगार्ड वापरावे. डीव्हीआरचे पोर्ट थेट इंटरनेटवर उघडू नये, कॅमेरेवाल्याने कितीही ‘काही होत नाही’ म्हटले तरी.

दोन कनेक्शन असतील तर पीसी त्यांची राखणही करतो. फायबर पहिली, सिमकार्डवर चालणारा ४जी राउटर दुसरा. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली की काही सेकंदांत नेट सिमवर जाते आणि केबल जुळली की परत येते. दुकानातल्या ऑनलाईन व्यवहारांसाठी हे उपयोगी आहे. पण टॉवरचीच वीज गेली की दोन्ही बंद. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगडात अनेक गावांत वीज आणि मोबाईल दोन्ही दिवसेंदिवस नव्हते, तिथे कुठलाही राउटर काही करू शकत नाही.

हे दार काय अडवत नाही

फायरवॉल बाहेरून येणाऱ्याला अडवतो, आपण हाताने आत घेतलेल्याला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका किंवा गाडीचे चलन म्हणून आलेली एपीके फाईल फोनमध्ये बसवली, फोनवर कुणाला ओटीपी सांगितला, ‘डिजिटल अटक’ म्हणून घाबरवणाऱ्याला पैसे पाठवले, तर ते घरातल्या फायरवॉलला साधा रोजचा व्यवहार दिसतो. गावाकडे पैसे जातात ते बहुतेक याच वाटेने. असे झाल्यास लगेच १९३० वर फोन करायचा किंवा सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवायची. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे मधल्या खात्यात गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

मुलांसाठी साइट बंद करण्याचेही तसेच. ओपीएनसेन्समध्ये नको त्या साइटच्या तयार याद्या लावता येतात, जाहिरातीही बऱ्याच कमी होतात. पण मुलाने वायफाय बंद करून मोबाईल डेटा चालू केला की तो या दाराबाहेर गेला. फोनमधला प्रायव्हेट डीएनएस चालू असला तरी यादीला बगल बसते.

ज्या घरात एक टीव्ही आणि दोन-तीन फोन एवढेच आहेत, त्यांनी पीसीच्या मागे लागू नये. कंपनीच्या डब्याचा मूळ पासवर्ड बदलावा, डब्ल्यूपीएस आणि यूपीएनपी बंद करावे, अपडेट येत असेल तर घ्यावे. अर्ध्या तासाचे काम आहे आणि वीज लागत नाही.

पीसी जोडला, पोर्ट भरपूर झाले, आता शेजाऱ्यांना महिन्याला थोडे पैसे घेऊन नेट देऊ, असा विचार काहींच्या मनात येतो. घरगुती कनेक्शन असे विकता येत नाही, त्याला परवाना लागतो. दुकानदाराला गावात वायफाय द्यायचेच असेल तर पीएम-वाणी योजना आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० ला मंजूर केलेल्या या योजनेत वायफाय देणाऱ्या छोट्या दुकानदाराला परवाना आणि शुल्क लागत नाही, फक्त नोंदणीकृत एकत्रीकरण करणाऱ्या कंपनीमार्फत काम करावे लागते.

पाऊस, वीज आणि मुंग्या

पीसी खाली ठेवू नये. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडमध्ये तळमजल्यावरचे सामान कसे गेले ते सगळ्यांनी पाहिले आहे. भिंतीला उंचावर फळी मारून, दोन्ही बाजूंनी हवा खेळेल असा ठेवावा. दमट हवेत पॉवर सप्लायमध्ये मुंग्या घर करतात आणि पाली शिरतात. मागच्या मोकळ्या खाचांना पत्र्याच्या पट्ट्या लावाव्यात आणि पावसाळ्याआधी एकदा उघडून ब्रशने साफ करावा.

फायबरची काच विजेचा लोळ घरात आणत नाही, पण केबलसोबतची आधाराची तार आणू शकते. त्याहून जास्त धोका एका इमारतीतून दुसरीकडे ओढलेल्या लॅन केबलचा. वीज जवळपास पडली की त्या केबलच्या दोन्ही टोकांची यंत्रे जातात. गोठ्याकडे किंवा बाजूच्या घरात नेट न्यायचे असेल तर मधे फायबर टाकून दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर लावावेत. अर्थिंग खरेच आहे का, की बोर्डावर नुसती तिसरी पिन आहे, हेही वायरमनकडून तपासून घ्यावे.

इन्व्हर्टरवर पीसी, कंपनीचा डबा आणि वायफायचा राउटर असे तिघेही असायला हवेत. एक जरी सुटला तरी नेट गेले. १५० एएच बॅटरीतून प्रत्यक्षात साधारण ९०० वॉट-तास वापरायला मिळतात असे धरले, तर एकट्या ५० वॉटच्या पीसीला कागदावर १८ तास. पंखे आणि दिवे धरून भार १५० वॉटवर गेला की सहाच तास उरतात, बॅटरी जुनी असेल तर त्याहूनही कमी.

सगळे नीट चालू झाले की ओपीएनसेन्समधून सेटिंगची फाईल उतरवून घ्यावी आणि पीसीबाहेर, पेनड्राइव्हवर ठेवावी. डिस्क गेली तर दुसऱ्या डिस्कवर सॉफ्टवेअर बसवून ही फाईल घातली की सगळे नियम जसेच्या तसे परत येतात. पेनड्राइव्हसोबत एका कागदावर पीपीपीओईचे नाव-पासवर्ड, पीसीचा पत्ता आणि कुठल्या रंगाची केबल कुठे हे लिहून फळीलाच चिकटवावे, पासवर्ड मात्र पाकिटात. हे बसवणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि पीसी बंद पडला तर घरातल्या माणसांना काय करायचे ते त्या कागदावर सापडले पाहिजे. घराकडे आणि वायफाय राउटरकडे जाणाऱ्या केबली पीसीतून काढून सरळ कंपनीच्या डब्यात घालायच्या, डब्यातले वायफाय चालू करायचे, वायफायच्या जुन्या राउटरमधली बंद केलेली डीएचसीपी तशीच ठेवायची आणि फोन कंपनीच्या वायफायला जोडायचे. डबा ब्रिज मोडवर असेल तर आधी जोडणीवाल्याला फोन करून तो काढायला सांगायचे. त्याचा नंबरही त्याच कागदावर.